पहारेकरीच पडले : ‘विटी’चा घटनाक्रम

या घटनाक्रमातल्या वेळा अटलांटाच्या घड्याळाच्या आहेत. ज्या कंपनीची उत्पादनं मार्च २००४ मधल्या एका रात्री ‘विटी’ नावाच्या वर्मला, म्हणजे नेटवर्कवरून आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रामला, बळी पडली, ती इंटरनेट सिक्युरिटी सिस्टिम्स, म्हणजे आयएसएस, अमेरिकेतल्या या शहरातली. भारतीय वेळ हवी असेल तर साडेदहा तास पुढे मोजावं.

सोमवार, ८ मार्च २००४

कॅलिफोर्नियातल्या ई-आय डिजिटल सिक्युरिटी या कंपनीच्या संशोधकांना आयएसएसच्या उत्पादनांत एक दोष सापडला. ब्लॅकआइस ही संगणकावर बसवायची फायरवॉल, रिअलसिक्युअर ही सर्व्हर आणि नेटवर्कवर नजर ठेवणारी मालिका, प्रोव्हेंशिया ही नेटवर्कच्या तोंडाशी बसवायची उपकरणं. या सगळ्यांच्या पोटात एकच इंजिन चालत होतं. येणारं पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून आलेला माहितीचा तुकडा, उघडायचं, ते कोणत्या प्रोटोकॉलचं, म्हणजे संवादाच्या कोणत्या पद्धतीचं आहे ते ओळखायचं आणि त्यात हल्ल्याची खूण दिसते का ते पाहायचं, हे त्याचं काम. दोष नेमका या इंजिनात होता.

त्या काळात आयसीक्यू नावाचा गप्पांचा प्रोग्राम जगभर गाजलेला होता. १९९६ साली इस्रायलमध्ये जन्मलेला, पुढे अमेरिका ऑनलाइनने विकत घेतलेला. त्याच्या जुन्या आवृत्त्या यूडीपी या प्रोटोकॉलवर, ४००० क्रमांकाच्या पोर्टवरून चालत. त्यामुळे ‘स्रोत पोर्ट ४०००’ असं लिहिलेलं यूडीपी पॅकेट दिसलं, की आयएसएसचं इंजिन ते आयसीक्यू सर्व्हरचं उत्तर आहे असं धरून वाचायला घेई. उत्तरात टोपणनाव, नाव, आडनाव, ईमेल असे रकाने असत. इंजिन ते ५१२ बाइटच्या एका कप्प्यात उतरवून घेई, पण मजकूर त्या कप्प्यात मावतो की नाही हे आधी मोजत नसे. मजकूर लांब असला की तो शेजारच्या मेमरीवर सांडे. त्याच शेजारात, प्रोग्रामने हे काम संपवून पुढे कुठे जायचं याचा पत्ता लिहिलेला असतो. तो पत्ता पाठवणाऱ्याला बदलता आला, की संगणक त्याचा झाला.

संशयित पार्सल उघडून पाहणाऱ्या कस्टम्स अधिकाऱ्याला जो धोका असतो, तोच इथे होता. साध्या संगणकावर ते पॅकेट येऊन नुसतं पडून राहिलं असतं, कारण ते वाचायला तिथे कोणी बसलेलंच नव्हतं. फायरवॉल असलेल्या संगणकावर ते वाचलं जाणार होतं. आयसीक्यू वापरत असा वा नसा, पोर्ट बंद ठेवलेलं असो वा उघडं, काही फरक पडत नव्हता. त्यातून २००४ पर्यंत आयसीक्यूच्या नव्या आवृत्त्यांनी ती यूडीपीची पद्धत सोडूनही दिली होती. जवळजवळ कोणी बोलत नसलेली बोली समजून घेण्याची सोय या सुरक्षा-उपकरणांत मात्र शाबूत होती, आणि तिथेच भगदाड होतं. हे मला या साऱ्या प्रकरणातलं सर्वांत बोचणारं सत्य वाटतं.

त्यानंतरचे दहा दिवस

ई-आयने आयएसएसला कळवलं. आयएसएसने वेळ न दवडता सुधारित आवृत्त्या तयार केल्या. इथवर सगळं शहाण्या माणसांनी करावं तसंच झालं.

सुधारित आवृत्ती तयार होणं आणि ती प्रत्यक्ष संगणकावर चढणं यांत मात्र मोठं अंतर असतं. सर्व्हर बंद करायला रविवारची रात्र मिळवावी लागते. मोठ्या संस्थेत आधी चाचणी, मग परवानगी, मग अंमलबजावणी. लहान संस्थेत हे काम पाहणारा माणूसच एक असतो आणि त्याच्याकडे प्रिंटरपासून टेलिफोनपर्यंत सगळंच असतं. शिवाय त्या दिवसांतला अनुभवही सबुरीच शिकवत होता. जानेवारी २००३ मध्ये स्लॅमर नावाच्या वर्मने सुमारे ७५,००० संगणक गाठले, तेव्हा त्याने वापरलेल्या दोषावरचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, सहा महिने आधीच निघालेला होता. ऑगस्ट २००३ मधल्या ब्लास्टरच्या वेळी पॅच आणि हल्ला यांत साधारण पावणेचार आठवडे गेले होते. पॅच आल्यावर आपल्या हातात निदान काही आठवडे असतात, असा हिशेब जगभरच्या नेटवर्क सांभाळणाऱ्यांच्या मनात पक्का बसला होता.

गुरुवार, १८ मार्च

दोषाची माहिती जाहीर झाली. ई-आयने आपलं निवेदन काढलं, आयएसएसने आपल्या ग्राहकांना इशारा दिला. कोणत्या उत्पादनांत दोष आहे, तो आयसीक्यूच्या वाचनात आहे आणि त्यातून बाहेरचा माणूस संगणकाचा ताबा घेऊ शकतो, इतकं आता सगळ्यांना कळलं. हल्ल्याचा तयार नमुना कोणी प्रसिद्ध केला नव्हता.

आठवड्याचे कामाचे दोन दिवस उरले होते, त्यातलाही एक सरत आलेला. इशारा वाचणाऱ्या कित्येकांनी सोमवारच्या कामात त्याची नोंद केली असेल. त्यांना दोष देण्याचं मला कारण दिसत नाही.

शुक्रवार, १९ मार्च, दिवसभर

कुठेतरी कोणीतरी या दोषावर बेतलेला हल्ल्याचा प्रोग्राम पूर्ण करत होतं किंवा करून बसलं होतं. निकोलस वीव्हर आणि डॅन एलिस या दोन अभ्यासकांनी त्याच वर्षी या हल्लेखोराच्या हातोटीचं विश्लेषण करणारा लेख लिहिला. त्यांच्या मते हे एखाद्या उनाड पोराचं काम नव्हतं. लिहिणारा निष्णात होता, त्याने प्रोग्राम तपासून घेतला होता आणि त्याला आतली माहिती असण्याचीही शक्यता होती. इतका नेटका प्रोग्राम एकाच दिवसात तयार होतो, याविषयी त्यांना संशय होता. तो रास्तच म्हणावा लागेल.

प्रोग्राम होता अवघ्या ६३७ बाइटचा. हा परिच्छेद त्याहून मोठा आहे. एवढ्या जागेत स्वतःची प्रत काढणं, यादृच्छिक पत्ते तयार करणं, पॅकेट पाठवणं आणि हार्ड डिस्कवर लिहिणं, इतकं सगळं बसवलेलं होतं. मध्येच इंग्रजीत एक ओळ कोरून ठेवली होती : इथे काहीतरी चुरचुरीत मजकूर घाला. शेजारी चेहऱ्याची खूण. त्या ओळीत ‘चुरचुरीत’साठी असलेल्या ‘विटी’ या इंग्रजी शब्दावरून या वर्मला पुढे ते नाव मिळालं.

रात्री ११ वाजून ४५ मिनिटे

अटलांटात शुक्रवारची मध्यरात्र व्हायला पाव तास कमी. ब्रिटनमध्ये शनिवारची पहाट. भारतात शनिवारी सकाळचे सव्वादहा. सॅन दिएगोतल्या विद्यापीठात रात्रीचे पावणेनऊ, आणि तिथेच या हल्ल्याची पहिली नोंद झाली.

त्या विद्यापीठाकडे एक ‘नेटवर्क टेलिस्कोप’ होता. इंटरनेटवरचे कोणीच वापरत नसलेले पत्ते, आणि तेही इतके की यादृच्छिक पत्त्यावर टाकलेल्या साधारण २५६ पॅकेटांपैकी एक तिथे येऊन पडावं. त्या पत्त्यांवर कोणी राहत नाही, म्हणून तिथे येणारं जवळजवळ प्रत्येक पॅकेट हे कुठल्या तरी हल्ल्याचं वा चुकीचं. पुढे ‘कायडा’ या तिथल्या संशोधन केंद्रातल्या कॉलीन शॅनन आणि डेव्हिड मूर यांनी या नोंदी तपासल्या. आज आपण सेकंदासेकंदाचा हिशेब मांडू शकतो तो त्यांच्यामुळे.

पहिले दहा सेकंद

११० संगणक.

एरवी वर्म एका संगणकातून सुटतो, आंधळेपणाने पत्ते चाचपतो, दुसरा सापडतो, मग चौथा, आठवा. सुरुवात नेहमी संथ असते. जगात या दोषाचे संगणक होते जेमतेम बारा हजार. चार अब्ज पत्त्यांत त्यांतले ११० संगणक दहा सेकंदांत आंधळेपणाने सापडणं शक्यच नव्हतं. म्हणजे हल्लेखोराच्या हातात आधीपासून यादी होती. कोणत्या पत्त्यांवर आयएसएसचं सॉफ्टवेअर चालतं हे त्याला ठाऊक होतं. पुढच्या संशोधनात आणखी एक गोष्ट उघड झाली, ती म्हणजे या पहिल्या बळींत अमेरिकेच्या एका लष्करी तळावरचे संगणक बरेच होते.

तिसावा सेकंद

आकडा १६० वर गेला. यादी संपली आणि आता मात्र आंधळी चाचपणी सुरू झाली. इथून पुढे रोगाच्या साथीसारखा सरळ गुणाकार.

मध्यरात्रीकडे

बाधित झालेला प्रत्येक संगणक काय करत होता ते नीट पाहायला हवं, कारण विटीची खरी क्रूरता इथे आहे.

तो आधी २०,००० पॅकेटं यादृच्छिक पत्त्यांवर, यादृच्छिक पोर्टांवर सोडी. प्रत्येकाचा स्रोत पोर्ट तेवढा ४०००. पॅकेटची लांबीही दर वेळी वेगळी, ७९६ ते १३०७ बाइटच्या मधली. मूळ ६३७ बाइटच्या पुढे मेमरीत जे काही सापडेल ते जोडून दिलेलं. सरासरी बाधित संगणक सेकंदाला साडेतीनशेच्या आसपास पॅकेटं सोडत होता. म्हणजे वीस हजारांचा हप्ता मिनिटाभरात पुरा.

हप्ता संपला की तो शून्य ते सात यांतला एक आकडा यादृच्छिक निवडून त्या क्रमांकाची डिस्क उघडायचा प्रयत्न करी. त्या क्रमांकाची डिस्क नसली तर पुन्हा वीस हजार पॅकेटं. असली, तर डिस्कवर कुठेही, जिथे हात पडेल तिथे, सुमारे ६५ किलोबाइट कचरा लिही. आणि मग पुन्हा पॅकेटं. एकच डिस्क असलेल्या संगणकाला प्रत्येक खेपेला आठात एक धोका. तो कचरा कधी रिकाम्या जागेवर पडे, कधी एखाद्या हिशेबाच्या फाइलवर, कधी खुद्द विंडोजच्या गाभ्यावर. त्या वेळपर्यंत इंटरनेटवर मोठ्या प्रमाणात पसरलेल्या वर्मांनी रहदारी तुंबवली होती, पण स्वतःच्या यजमानाची डिस्क अशी कुरतडत नेणारा हा पहिलाच.

संगणक ताबडतोब मारून टाकला तर प्रसार थांबतो. त्याला न छेडता ठेवलं तर नुकसान होत नाही. विटी लिहिणाऱ्याने या दोहोंच्या मधला वेग शोधून काढला. पसरायला पुरेसा वेळ मिळेल आणि यजमान शेवटी मरेल, असा. हे जाणूनबुजून मांडलेलं गणित आहे, आणि ते मांडणाऱ्या माणसाबद्दल मला कसलंही कौतुक वाटत नाही.

अँटिव्हायरस या काळात काय करत होता? त्याला काही दिसत नव्हतं. त्या दिवसांतला अँटिव्हायरस मुख्यतः फाइली तपासत असे. डिस्कवर उतरलेली फाइल, ईमेलला जोडलेली फाइल, तिच्यातल्या ओळखीच्या खुणा. विटीने डिस्कवर फाइल अशी ठेवलीच नाही. तो नेटवर्कवरून सरळ फायरवॉलच्या मेमरीत आला आणि तिथेच राहिला. तपासायला वस्तूच नाही, तर तपासणी कशाची करणार? संगणक बंद करून सुरू केला तर विटी नाहीसा होई. मात्र जुनी आवृत्ती तशीच असेल तर पुढचं पॅकेट येताच परत बसे, आणि डिस्कचा नको तो भाग आधीच गेला असेल तर संगणक पुन्हा सुरूच होत नसे.

शनिवार, २० मार्च, रात्री १२ वाजून ३० मिनिटे

सुरुवातीपासून पंचेचाळीस मिनिटं झाली होती. दोष असलेले आणि इंटरनेटवरून गाठता येण्याजोगे जवळजवळ सगळे संगणक बाधित झाले होते. सुमारे १२,०००. त्यातले चौथ्या हिश्शाहून थोडे अधिक एकट्या अमेरिकेत, त्याखालोखाल ब्रिटन, मग कॅनडा, चीन, फ्रान्स. ऐन भरात असताना हे सगळे मिळून सेकंदाला ९० गिगाबिटहून जास्त रहदारी ओतत होते, एक कोटी दहा लाख पॅकेटं.

बारा हजार हा आकडा स्लॅमरपुढे लहान दिसतो. पण हे बारा हजार कोण होते ते पाहा. फायरवॉलसाठी पैसे मोजणारे, आपल्या नेटवर्कची काळजी असलेले लोक. कायडाच्या अहवालाने हीच गोष्ट अधोरेखित केली आहे. या वर्मने बाधित केलेला प्रत्येक संगणक आपल्या सुरक्षेसाठी काहीतरी करत होता. ज्या शेजाऱ्याने कसलीच फायरवॉल घेतली नव्हती, तो त्या रात्री विटीपुरता तरी पूर्ण सुरक्षित होता.

तोवर एक समजूत अशी होती की कमी वापरातलं सॉफ्टवेअर सुरक्षित, कारण इतक्या थोड्या संगणकांसाठी कोण वर्म लिहील, आणि लिहिला तरी तो पसरणार कसा? पाऊण तासात तीही निकालात निघाली.

पहाट ते दुपार

अमेरिकेत आणि युरोपात शनिवार उजाडला. नेटवर्कवर जागे असलेल्यांना स्रोत पोर्ट ४००० ची खूण सापडली आणि ती अडवायला सुरुवात झाली. बाकी सगळं बदलतं ठेवणाऱ्या हल्लेखोराला हा आकडा बदलता येत नव्हता, कारण त्याच आकड्यावर फायरवॉल फसत होती.

दुपारी पावणेबारापर्यंत, म्हणजे बारा तासांत, बाधितांपैकी निम्मे संगणक गप्प झाले होते. काहींची तार मालकांनी उपटली, काहींपुढे गाळणी बसली, काही डायल-अपवरचे होते ते सुटून गेले. आणि काही बंदच पडले, कारण त्यांच्या डिस्कमध्ये वाचण्याजोगं काही उरलं नव्हतं. टेलिस्कोपला यांतला फरक दिसत नाही. त्याला फक्त पॅकेटं थांबल्याचं कळतं. सोमवारी सकाळी किती कार्यालयांत लोक काळ्या पडद्यापुढे बसले, किती जणांकडे डेटाची दुसरी प्रत होती, याची बेरीज कोणी केलेली नाही.

पुढच्या वर्षी

२००५ साली अभिषेक कुमार, व्हर्न पॅक्सन आणि निकोलस वीव्हर यांनी त्याच नोंदींवर एक विलक्षण संशोधन केलं. विटीचे यादृच्छिक आकडे खरे यादृच्छिक नव्हते. एका साध्या सूत्रातून ते निघत आणि त्या सूत्राच्या वापरात लिहिणाऱ्याची एक चूक राहून गेली होती. त्यामुळे इंटरनेटचे सुमारे दहा टक्के पत्ते विटीकडून कधीच चाचपले जाणार नव्हते. त्याच सूत्राचा धागा उलटा ओढत या तिघांनी एकेका बाधित संगणकाची जोडणी किती वेगाची होती, तो सुरू होऊन किती वेळ झाला होता, त्याला किती डिस्का होत्या, कोणी कोणाला बाधित केलं, हे काढलं. डिस्कवर लिहिणं जमलं की विटी आपलं सूत्र नव्याने सुरू करी, त्या खुणेवरून डिस्का मोजल्या! उत्खननात सापडलेल्या दातावरून माणसाचं वय सांगणाऱ्यांइतकंच हे काम मला थोर वाटतं.

सगळ्या साखळीच्या उगमाशी त्यांना एक संगणक सापडला. तो इतरांसारखा वागत नव्हता, म्हणजे तो बाधित नव्हता, पेरणारा होता. त्याचा पत्ता युरोपातल्या एका इंटरनेट पुरवठादाराच्या ग्राहकाचा निघाला. पुढे काय झालं ते जगापुढे आलेलं नाही. विटी लिहिणाऱ्याचं नाव आजवर जाहीर झालेलं नाही.

आयएसएस २००६ मध्ये आयबीएमने विकत घेतली.

आणि आज

हे वीस वर्षांपूर्वीचं झालं, असं म्हणून सोडता येत नाही. एप्रिल २०२० मध्ये सोफोस कंपनीच्या एक्सजी फायरवॉलमध्ये असाच बाहेरून आत शिरता येईल असा दोष हल्लेखोरांनी वापरला. अमेरिकेच्या न्याय खात्याने पुढे सांगितल्याप्रमाणे जगभरातली सुमारे ८१,००० उपकरणं त्याचं लक्ष्य होती. कंपनीने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली, आणि ज्यांनी तातडीच्या दुरुस्त्या आपोआप घेण्याची सोय चालू ठेवली होती त्यांच्या उपकरणांवर ती चढली. १९ जुलै २०२४ ला तर हल्लेखोरच नव्हता. क्राउडस्ट्राइकच्या संरक्षक प्रोग्रामला त्याच्याच कंपनीने सदोष फाइल पाठवली, ती वाचताना प्रोग्राम आपल्या हद्दीबाहेरची मेमरी वाचायला गेला, आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोसळले. अठ्ठ्याहत्तर मिनिटांत कंपनीने फाइल मागे घेतली, तोवर विमानतळांवर रांगा लागल्या होत्या. दोन्ही प्रकरणं विटीहून वेगळी आहेत, पण दुखणं एकच. सगळं वाचणारा प्रोग्राम, संगणकात सर्वाधिक अधिकार त्याच्याकडे, आणि तोही माणसांनीच लिहिलेला.

यावर फायरवॉल काढून टाका असं म्हणणारा माणूस चुकतो आहे. ती हवीच. पण आपल्याकडच्या पतसंस्था, महाविद्यालयं, लहान रुग्णालयं, छापखाने यांच्या कार्यालयात कपाटावर लुकलुकत असलेला फायरवॉलचा डबा एकदा बसवला की विसरला जातो. परवाना संपतो, कोणी नूतनीकरण करत नाही. बसवून देणारा मुलगा नोकरी बदलतो, पासवर्ड त्याच्याबरोबर जातो. संगणकावरच्या अँटिव्हायरसचं अपडेट लोक आवर्जून पाहतात आणि या डब्याच्या अपडेटची आठवण वर्षानुवर्षं कोणाला होत नाही.

म्हणून एवढं करा. हा लेख वाचून झाल्यावर आपल्या संस्थेत जो हे पाहतो त्याला विचारा : या उपकरणाचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर, शेवटचं कधी बदललं, तातडीच्या दुरुस्त्या आपोआप येतात का, त्याचं व्यवस्थापनाचं पान बाहेरच्या इंटरनेटवरून उघडतं का, आपण वापरत नसलेल्या कोणत्या सेवा त्यात चालू आहेत, आणि नेटवर्कला न जोडलेली डेटाची एक प्रत कुठे ठेवली आहे. उत्तर ‘बघून सांगतो’ असं आलं, तर सोमवारची वाट पाहू नका. विटीच्या वेळी जाहीर इशारा आणि हल्ला यांच्यामध्ये एकच दिवस मिळाला होता.